मूळ स्थितीत

काही महिन्यांपूर्वी इंग्लंडमधली एक विक्रीची जाहिरात माझ्या वाचनात आली. रेनॉ ५ जीटी टर्बो, १९८८ सालची, पांढरी, पूर्णपणे रिस्टोअर केलेली. सोबत साठ-सत्तर छायाचित्रं आणि दोन पानांचा मजकूर. इंजिन खोलून नव्याने बांधलं, टर्बो नवा केला, तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, रंग कारखान्याच्या कोडप्रमाणे दिला, सीटचं कापड मूळ विणीचंच शोधून आणलं. किंमत लिहिली नव्हती. ती विचारायची होती. मजकुरात ‘मूळ’ हा शब्द किती वेळा आला ते मी मोजलं. अकरा वेळा.

मला गाडी घ्यायची नव्हती. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायची मला खोड आहे आणि ती इतिहास वाचण्यातूनच लागली. राजवाड्यांनी बखरींवर किती अविश्वास दाखवला आणि अस्सल कागदांसाठी किती गावं पालथी घातली हे मराठीत वाढलेल्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की बखर म्हणजे घटना होऊन गेल्यावर, बहुधा कुणाच्या तरी आज्ञेवरून, कुणाचा तरी मोठेपणा राहावा म्हणून लिहिलेला वृत्तान्त. विक्रीची जाहिरात ही गाडीची बखर असते. तिच्यासोबत जी बिलांची, सर्व्हिसिंगच्या नोंदींची, वार्षिक तपासणीच्या दाखल्यांची फाइल येते ते अस्सल कागद. या गाडीच्या फाइलीत १९८८ ते १९९२ची बिलं होती आणि मग एकदम २०११पासूनची. मधली एकोणीस वर्षं कोरी. विक्रेत्याने ती एका वाक्यात उरकली होती: काही काळ गाडी वापरात नव्हती.

ही गाडी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मागचं दार काचेसकट वर उघडणारी छोटी, घरगुती, बाजारहाट करायची गाडी घ्यायची आणि तिच्यात तिला न शोभणारं ताकदवान इंजिन बसवायचं, याला इंग्रजी मासिकांनी ‘हॉट हॅच’ असं नाव दिलं. फोक्सवागनची गोल्फ जीटीआय आणि रेनॉची ५ अल्पाइन या दोन्ही १९७६मध्ये बाजारात आल्या. पहिली कोण यावर जर्मन आणि फ्रेंच चाहते अजून भांडतात. इंग्लंडमध्ये तर ‘अल्पाइन’ हे नाव दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असल्याने तीच फ्रेंच गाडी ‘गोर्दिनी’ या नावाने विकावी लागली. मूळ रेनॉ ५ ही १९७२ची. मिशेल बुए या कंपनीतल्याच चित्रकाराने तिचा आकार काढला. तिचं यश त्याला फारसं पाहता आलं नाही, तरुणपणीच कर्करोगाने तो गेला. त्या पहिल्या पिढीच्या पंचावन्न लाखांहून जास्त गाड्या खपल्या. १९८४मध्ये दुसरी पिढी आली. ती मार्चेल्लो गांदिनीने आखली. लॅम्बोर्गिनीची मिउरा आणि काउंताश ज्याच्या हातून उतरली, तोच हा माणूस. त्याने बुएच्या रेषा जवळजवळ तशाच ठेवल्या आणि खालची गाडी मात्र पूर्ण बदलली. नामवंत माणसाने एवढा संयम दाखवल्याची उदाहरणं थोडी आहेत.

१९८५मध्ये या दुसऱ्या पिढीतून जीटी टर्बो निघाली. (१९८०मध्ये मागच्या सीटच्या जागी इंजिन बसवलेली, रॅलीसाठी बांधलेली रेनॉ ५ टर्बो ही वेगळी गाडी. तिच्यावर झां रान्योत्तीने १९८१ची माँटे कार्लो रॅली जिंकली. जाहिरातीत या दोघींची गल्लत होते आणि ती दरवेळी अजाणतेपणी होते असं मला वाटत नाही.)

आता ‘मूळ’ इंजिनाकडे येऊ. नॉर्मंडीत, रूआं शहराजवळ, क्लेओं इथे रेनॉचा कारखाना आहे. तिथे १९६२मध्ये एक इंजिन बनू लागलं. त्याला पुढे ‘क्लेओं-फोंत’ म्हणू लागले. फोंत म्हणजे बीड. बिडाचा ब्लॉक, कॅमशाफ्ट त्या ब्लॉकच्याच कुशीत, तिथून लांब काड्यांनी वर ढकलल्या जाणाऱ्या वाल्व्ह. सुरुवातीला क्षमता ९५६ सीसी. साधं, दणकट, कुठल्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येईल असं यंत्र. जीटी टर्बोत हेच इंजिन १३९७ सीसीचं होऊन बसलं होतं. म्हणजे १९८८ची ही गाडी विकत घेणाऱ्या तरुणाच्या बॉनेटखाली त्याच्या स्वतःच्या वयाएवढं जुनं इंजिन होतं. शेजारच्या गोल्फ जीटीआयमध्ये तेव्हा १७८१ सीसी, वरचा कॅमशाफ्ट आणि फ्युएल इंजेक्शन होतं, आणि ताकद ११२ अश्वशक्ती. रेनॉने आपल्या म्हाताऱ्या इंजिनातून, कार्ब्युरेटर तसाच ठेवून, ११५ काढली; १९८७च्या सुधारित गाडीत १२०. वजन जेमतेम सव्वाआठशे किलो असल्याने ती गोल्फला मागे टाकायची.

हे चातुर्य कुठून आलं? माझ्या मते दोन ठिकाणांहून, आणि त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. पहिलं अभिमानाचं. जुलै १९७७मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनॉने दीड लिटरची टर्बो गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली तेव्हा बाकी सगळे तीन लिटरची विनाटर्बो इंजिनं वापरत होते. ही पिवळी गाडी मध्येच धूर सोडून थांबायची म्हणून इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हटलं. दोन वर्षांनी, १ जुलै १९७९ रोजी दिजोंला झां-पिएर जाबुईने त्याच वाणाच्या गाडीतून फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि काही वर्षांत सगळ्यांनाच किटल्या बांधाव्या लागल्या. टर्बो हा शब्द फ्रान्समध्ये त्यानंतर जवळजवळ राष्ट्रीय झाला.

दुसरं ठिकाण ओढगस्तीचं. रेनॉ ही १९४५पासून सरकारी मालकीची कंपनी, आणि १९८४ या एका वर्षात तिला सुमारे १,२५० कोटी फ्रँकचा तोटा झाला होता. जानेवारी १९८५मध्ये जॉर्ज बेस यांना प्रमुख म्हणून आणलं. त्यांनी हजारो नोकऱ्या कापल्या. १७ नोव्हेंबर १९८६च्या संध्याकाळी पॅरिसमध्ये स्वतःच्या घरासमोर ‘आक्सियों दिरेक्त’ या अतिडाव्या गटाने त्यांना गोळ्या घालून मारलं. ज्या कंपनीत ही अवस्था होती तिला वेगवान गाडीसाठी नवं इंजिन परवडणार कसं? बिडाचं जुनं होतं, त्यालाच फुंकर घालायची.

फुंकर हाच शब्द बरोबर आहे. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा तप्त वायू एका छोट्या पंख्यावर सोडायचा. तो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला असलेला पंखा बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. जे वाया जात होतं त्यातून ताकद. मेख अशी की पंख्याला वेग घ्यायला वेळ लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. ओल्या वळणावर हे ‘एकदम’ नको तेव्हा आलं तर गाडी सरळ शेतात. शिवाय रेनॉने दाबलेली हवा थेट कार्ब्युरेटरमधून पाठवली होती आणि तो कार्ब्युरेटर गरम टर्बोच्या सहवासात बसलेला. गाडी पळवून आणून पाच मिनिटं उभी केली की आतलं पेट्रोल उकळायचं आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला नकार द्यायची. त्यासाठी कंपनीने कार्ब्युरेटरला वारा घालणारा वेगळा पंखा दिला. इंजिन बंद केल्यावरही तो घरघरत राहायचा. पेट्रोल पंपावर बॉनेट उघडून उभा असलेला मालक, हे या गाडीचं खरं मूळ चित्र आहे. जाहिरातीतल्या छायाचित्रांत ते नव्हतं.

आज आपल्याकडे एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या मुबलक विकल्या जातात, कारण १२०० सीसीच्या आत राहिलं की कर कमी. तिथेही तीच काटकसर आहे. फक्त संगणकाने क्षणभराचा तो थांबा आणि ते ‘एकदम’ दोन्ही गुळगुळीत करून टाकलं आहे.

तर कोरी एकोणीस वर्षं. या विशिष्ट गाडीचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण तिच्या भावंडांचं काय झालं ते सर्वश्रुत आहे. नवी गाडी घेणारा पहिला मालक बहुधा पगारदार, तिशीतला. चार-पाच वर्षांनी ती स्वस्त होऊन एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती यायची. टर्बोचा दाब एका मर्यादेपुढे गेला की जादा वायूला वाट करून देणारी एक झडप असते. तिची दांडी एका नटाने कमी-जास्त करता येते. एक पाना आणि दहा मिनिटं. दाब वाढायचा, गाडी उधळायची, आणि काही आठवड्यांनी हेड गॅस्केट जायचं. मग दुसरं गॅस्केट, आणखी दाब. बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमागे दरम्यान गंज शांतपणे आपलं काम करत असायचा.

विम्याचे हप्ते एवढे चढले की कित्येकांना गाडीपेक्षा विमा महाग पडू लागला. ज्यांना दोन्ही परवडत नव्हतं त्यांच्यातले काही अशा गाड्या चोरत. १९९१च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वसाहतीत पोरं चोरलेल्या हॉट हॅच आणून, हँडब्रेक खेचून, गर्दीसमोर गरागरा फिरवून दाखवायची. ती वसाहत काउलीच्या मोटार कारखान्याला लागून. ज्यांच्या बापांनी गाड्या बांधल्या आणि ज्यांना स्वतःला त्या कारखान्यात काम मिळायची आशा आटत चालली होती ती ही पोरं. पोलिसांनी बंदोबस्त आवळला आणि दंगल झाली. सप्टेंबरमध्ये उत्तरेला, नॉर्थ शील्ड्सच्या मेडो वेल वसाहतीत, पोलीस पाठलाग करत असताना चोरीची गाडी आदळून दोन तरुण मेले, आणि तिथेही वस्ती पेटली. १९९२मध्ये ब्रिटिश संसदेने अशा वाहनचोरीसाठी वेगळा, कडक कायदा केला. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसजवळच्या इल सगँ या बेटावरचा रेनॉचा जुना कारखाना बंद झाला. तिथून बाहेर पडलेली शेवटची गाडी याच दुसऱ्या पिढीची रेनॉ ५ होती. जीटी टर्बोचं उत्पादन आदल्या वर्षीच थांबलं होतं. १९९३पासून युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुराचे नियम असे आले की कार्ब्युरेटरवाल्या गाडीला जागाच उरली नाही.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणतात त्यात निदान लबाडी नसते. गावकरी वर्गणी काढतात, हेमाडपंती दगडाला ऑइलपेंट फासतात आणि ‘जीर्णोद्धार’ अशी संगमरवरी पाटी वर्षासकट, देणगीदारांच्या नावांसकट लावतात. ते वाईट दिसतं, पण कुणी काय केलं ते कळतं. रिस्टोअर केलेल्या गाडीचा दावा उलटा असतो, की मध्ये काही झालंच नाही. या गाडीच्या मालकाचे कष्ट मला दिसत होते. तळाचा पत्रा जोडतानाची छायाचित्रं पाहिली की त्या माणसाचा आदरच वाटतो; हिवाळ्याच्या किती रात्री त्या थंड गॅरेजमध्ये गेल्या असतील. तरी त्याने जी स्थिती परत आणली ती गाडीच्या आयुष्यात फार तर पहिली चार वर्षं टिकली असेल. त्यानंतरच्या काळात ती जी होती ते त्याने घासून, कापून काढून टाकलं, कारण गिऱ्हाइकाला ते नको असतं. गिऱ्हाईक बहुधा पन्नाशीचं. तेव्हा ज्याला ती परवडली नाही, किंवा ज्याने तशीच एक आदळून संपवली, असं कुणीतरी.

मी छायाचित्रं पुन्हा एकदा सावकाश पाहिली. टर्बोचं एक जवळून घेतलेलं होतं. झडपेच्या दांडीला नवा, सोनेरी मुलामा दिला होता. नट मात्र बदलायचा राहिला होता. मुलाम्याखाली त्याच्या सहाही कडा झिजून गोल झालेल्या दिसत होत्या.