साडेतीन हजार वर्षं आणि आठ भाग: टोल्किनची पुराणकथा मालिकेत येताना

आज आपण ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत, तो एका माणसाने मनाने रचलेला आहे. पण तो कागदावर कसा आला, त्याचे हक्क कुणाकडे गेले आणि पडद्यावर येताना त्यातलं काय गळलं, हा भाग मात्र खरोखर घडलेला आहे. आपला रस त्यात आहे.

जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डमधले भाषेचे प्राध्यापक. १९१६ साली सोमच्या लढाईतून आजारी होऊन ते इंग्लंडला परतले आणि त्याच सुमारास त्यांनी आपल्या पुराणकथेतल्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या. १९७३ मध्ये ते गेले, तेव्हाही हे काम अपुरंच होतं. 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ही त्या कामाची जगाला दिसलेली बाजू. मागे राहिलेला कागदांचा ढीग त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने उपसला. १९७७ साली 'द सिल्मरिलियन' आलं आणि पुढे १९८३ ते १९९६ या काळात मसुद्यांचे बारा खंड. आपल्याला इथे पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवेल. तिथे पाठभेद निरनिराळ्या प्रांतांतल्या लेखनिकांचे होते. इथे एकाच माणसाने जवळपास साठ वर्षं स्वतःच्याच कथेचे पाठभेद केले होते.

आता हक्कांचं बघू, कारण मालिकेचा आकार तिथेच ठरला. १९६९ साली 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांचे चित्रपटहक्क युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला विकले गेले. पीटर जॅक्सनचे २००१ ते २००३ मधले तीन चित्रपट त्याच हक्कांच्या साखळीतून आले. 'सिल्मरिलियन' १९६९ मध्ये छापलेलंच नव्हतं, त्यामुळे ते त्या व्यवहारात नव्हतं. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲमेझॉनने मालिकेचे हक्क घेतल्याचं जाहीर केलं. रक्कम सुमारे २५ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. एवढं देऊन हाती काय आलं? 'हॉबिट', 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि त्याच्या शेवटी जोडलेली परिशिष्टं. 'सिल्मरिलियन' नाही.

म्हणजे 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका प्रामुख्याने परिशिष्टांवर उभी आहे. परिशिष्टांत काय असतं? वंशावळी, सनावळ्या, दोन-चार पानांत उरकलेली राज्यं. आपल्याकडच्या बखरीसुद्धा त्यामानाने ऐसपैस म्हणाव्या लागतील. मालिकेसाठी निवडलेला काळ आहे 'दुसरं युग'. त्या सनावळीप्रमाणे हे युग ३४४१ वर्षं चालतं. साधारण १५०० साली अंगठ्या घडवायला सुरुवात होते आणि १६०० च्या सुमारास सॉरॉन सर्वांवर सत्ता चालवणारी एक अंगठी गुपचूप घडवतो. ती अंगठी त्याच्या हातून कापून घेणारा इसिल्दुर जन्मतो ३२०९ साली. मध्ये सोळाशे वर्षं आहेत. मालिकेत मात्र अंगठ्या घडवणारा केलेब्रिंबोर आणि तरुण इसिल्दुर एकाच वेळी वावरतात.

निर्मात्यांची बाजूही समजून घेऊ. त्यांचं म्हणणं असं, की सनावळी तंतोतंत पाळली तर कथा दरवेळी शतकांची उडी मारणार आणि माणसांची पात्रं दर सीझनला मरून जाणार. हे खोटं नाही. पहिला सीझन २०२२ साली आला, दुसरा २०२४ साली. दोन्ही आठ-आठ भागांचे. एवढ्यात ३४४१ वर्षं जशीच्या तशी बसवणं कुणालाच शक्य नव्हतं. काळ आवळावा लागणारच होता. आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. कुठला काळ आवळला तर चालतं, आणि कुठला आवळला की कथेचं कारणच नाहीसं होतं?

हा प्रश्न टोल्किन यांनाही पडला होता. १९५८ साली त्यांच्यासमोर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या एका ॲनिमेशनपटाची रूपरेषा आली. तिच्यावर त्यांनी ओळीओळीने आक्षेप नोंदवले आणि त्यातला एक काळाबद्दलचा होता. मूळ कथेत ऋतू काळजीपूर्वक सांभाळले आहेत, ऋतू डोळ्यांना दिसतात, तेव्हा काळ सरल्याचं दाखवायला चित्रकारांनी मुख्यतः त्यांचाच वापर करावा, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे नुसती तक्रार नव्हती, उपायही सांगितला होता.

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं, सॉरॉनची फसवणूक. सनावळीत तो साधारण १२०० साली एल्फ लोकांना भुलवायला निघतो आणि त्यांचे कारागीर कौशल्याच्या शिखरावर पोचतात १५०० च्या सुमारास. तीनशे वर्षं तो विश्वास कमावतो. मालिकेत हे काम फार थोड्या काळात होतं. तरी दुसऱ्या सीझनमध्ये ते पटतं, कारण तिथे दोन पात्रांना समोरासमोर बसायला वेळ दिलाय. वर्षांची जागा जवळिकीने घेतली. स्तुती, मग अपराधी वाटायला लावणं, मग एकटं पाडणं, या पायऱ्या आपल्याला दिसतात. आमच्या मते मालिकेतला सर्वांत सशक्त भाग हाच.

दुसरं उदाहरण न्यूमेनोर या बेटाचं. माणसांना देवतुल्य शक्तींकडून हे बेट आणि दीर्घायुष्य मिळालं. त्यांचा पहिला राजा एलरोस ३२ साली आलेल्या लोकांवर राज्य करतो आणि मरतो ४४२ साली! पण मरतोच. शेजारचे एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत. शिवाय अट अशी, की पश्चिमेकडे आपला किनारा दिसेनासा होईल इतकं दूर जायचं नाही. पिढ्यांमागून पिढ्या हे टोचत राहतं. २२५१ च्या सुमारास उघड फूट पडते. शेवटचा राजा सॉरॉनच्या नादाने अमरत्व हिसकावून घ्यायला आरमार घेऊन निघतो आणि ३३१९ साली अख्खं बेट समुद्रात जातं. फूट पडल्यापासून बुडेपर्यंत हजार वर्षांहून जास्त काळ. सॉरॉन बेटावर पोचतो ३२६२ साली, म्हणजे अगदी शेवटी. रोग आधीच अंगात होता, तो फक्त वैद्याच्या वेषात आला.

मालिकेत एल्फांबद्दलचा राग कसा दाखवला? पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात भर चौकात एक जण लोकांना भडकवतो, की एल्फ येऊन तुमचे धंदे घेतील. हा राग आपल्या ओळखीचा आहे, आजच्या बातम्यांतला आहे, म्हणून चटकन कळतो. पण कामधंदा जाण्याची भीती एका हंगामातही उभी करता येते. मरणाचा हेवा वाटायला आजोबा, बाप आणि आपण असे एकामागून एक जाताना दिसावे लागतात, आणि शेजारी तोच एल्फ तसाच तरुण उभा असावा लागतो. इथे काळ हेच कारण होतं. तो काढला, तेव्हा त्याच्या जागी दुसरं कारण आणावं लागलं, आणि त्याबरोबर बेट का बुडतं याचं उत्तरही बदलायला लागतं.

मग दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो आपल्याला घरबसल्या माहीत आहे. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' ९४ भागांत झालं. शंतनूपासून पिढ्यांची रांग होती. त्यांनी 'समय' हाच निवेदक केला आणि काळाच्या उड्या राजरोस मारल्या. पात्रं बदलली तरी प्रेक्षक हरवला नाही, कारण भीष्म होते. एकच माणूस पिढ्या येताना आणि जाताना बघत राहिला. टोल्किनच्या कथेत तर असे भीष्म कितीतरी आहेत: गॅलाड्रिएल, एलरोंड. त्यातला एलरोंड हा न्यूमेनोरच्या त्या पहिल्या राजाचा सख्खा भाऊ. एकाने मर्त्य होणं निवडलं, दुसऱ्याने अमर. भावाच्या वंशातले राजे एकेक करून जाताना बघणारा एलरोंड, ही मालिका याच परिशिष्टांतून निघू शकली असती. त्यासाठी 'सिल्मरिलियन'चे हक्क लागत नव्हते.

पहिल्या दोन सीझनमध्ये न्यूमेनोर बुडालेलं नाही आणि निर्मात्यांनी पाच सीझनची योजना सांगितली आहे. त्यामुळे निकाल आत्ताच देऊ नये. पुढे ते बेट बुडताना बघाल, तेव्हा लाट किती उंच होती याच्या आधी एवढंच बघा: ही माणसं कशाला घाबरत होती, हे आपल्याला कळलं का? हाच प्रश्न खऱ्या साम्राज्यांच्या पडझडीलाही लावता येतो. तिथेही आपण शेवटच्या राजाचं आणि त्याच्या वाईट सल्लागाराचं नाव लक्षात ठेवतो, आणि आधीची हजार वर्षं विसरतो.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.