एकट्याची साईट, किल्ल्या दोन

स्मरणिका समितीने सांगितलं, "काका, सोसायटीचा इतिहास अध्यक्ष लिहिताहेत. तुम्ही तुमच्या साईटबद्दल लिहा." आज्ञा प्रमाण! पण छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आधी आरंभीची शिल्लक लिहितो, मगच आजची नोंद. तेव्हा थोडा मागचा हिशोब.

जगातली पहिली वेबसाईट १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत उभी केली. ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने हे तंत्र सर्वांना फुकट खुलं केलं. आपल्या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबर १९९६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत 'मायबोली' सुरू केली. घर-संसार सांभाळून, हौसेनं. तेव्हा मराठी अक्षरं पडद्यावर दिसणंसुद्धा नशिबाचा भाग होता. लिहिणाऱ्याकडे जो फाँट असेल तोच वाचणाऱ्याकडे हवा, नाहीतर नुसते चौकोन आणि चिन्हं. पुढे युनिकोड रुळलं आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला, आपल्या खाते क्रमांकासारखा. 'क' चा क्रमांक २३२५. मग मराठी साईट काढणं कुणालाही जमू लागलं. अलका विभास यांची 'आठवणीतली गाणी' तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गाण्याच्या शब्दांखाली गीतकार, संगीतकार, गायक, सगळ्यांची नोंद. एकेका माणसाच्या चिकाटीतून अशी कामं उभी राहिली.

आता माझी नोंद. नोकरीत असताना कर्जवसुलीसाठी मी मोहर्लीकडच्या गावांत खूप फिरलो. मोटारसायकल, डब्यात भाकर आणि गळ्यात कॅमेरा. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान; पण जंगलाच्या पोटात माणसं नांदत होती. जामणी, नवेगाव, बोटेझरी ही गावं पुढे एकेक करून बाहेर वसवली गेली. आपल्याकडे म्हणतात तसं, गाव उठलं. आज जामणीला सफारीच्या जिप्सी थांबतात त्या गवताच्या कुरणापाशी. तिथं कधी चुली पेटत होत्या हे पाहुण्यांना सांगूनही खरं वाटत नाही.

निवृत्तीनंतर ते जुने फोटो काढले. शिकवणी लावली नाही. पुस्तक समोर ठेवून, चुकत-माकत २०१० साली साईट उभी केली. विहीर, शाळा, मोहाचं झाड, घरांच्या ओळी, प्रत्येकाखाली गावाचं नाव आणि साल. हिशोब सोपा: साईटच्या नावाचं वर्षाचं नूतनीकरण, आणि फोटो ज्या संगणकावर राहतात त्याचं भाडं. दोन्ही माझ्या पेन्शनीतून. सौ. म्हणायच्या, "लोकांना माडी बांधायची हौस, यांना हवेत घरं बांधायची!"

काही वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. नूतनीकरणाच्या सूचना ईमेलवर येत होत्या आणि मी दवाखान्यात होतो. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. मुदत संपली, साईट बंद पडली. घरी आल्यावर जामणीच्या एका मुलाचा फोन आला. "काकाजी, आमचं गाव फोनवर दिसून नाही राहिलं जी. कुठी गेलं? आजी रोज विचारते."

खरं सांगतो, छातीच्या टाक्यांपेक्षा ते जास्त दुखलं. गाव एकदा उठलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्यांदा उठलं ते माझ्या हलगर्जीपणानं. सवलतीचे दिवस शिल्लक होते म्हणून दंडासह पैसे भरले आणि नाव वाचलं.

बँकेत तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं. आणि किल्ल्यांचा दुसरा जोड सीलबंद करून दुसऱ्या शाखेत. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि स्वतःच्या तिजोरीला मात्र एकच कुलूप लावलं. मोठी कंपनी असली तरी भरवसा नाही. जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या हौशी लोकांनी पानं उभी केली होती; ऑक्टोबर २००९ मध्ये कंपनीने ती गुंडाळली. 'मायबोली' मात्र आजही चालू आहे, कारण एकानं सुरू केलेल्या कामाला पुढे स्वयंसेवकांचे हात लागले. सुरुवात एकट्यानं होते. टिकवायला दुसरा लागतो.

आपली सोसायटी पंचवीस वर्षं टिकली तीही अशीच. सचिव बदलले, दप्तर हातोहात पुढे गेलं.

म्हणून या स्मरणिकेतून जाहीर विनंती. माझं वय पंच्याहत्तर. सोसायटीतल्या एखाद्या मुला-मुलीनं महिन्यातला एक रविवार मला द्यावा. सगळे पासवर्ड, मुदतीच्या तारखा आणि फोटोंची प्रत मी एका लिफाफ्यात घालून ठेवली आहे. पगार नाही, चहा-पोहे नक्की. आणि वर्षातून एकदा मोहर्लीला जाऊ. जामणीचं कुरण लागलं की विहीर कुठे होती ते मी दाखवीन.

दुसरी किल्ली तयार आहे. घ्यायला या.