नियम ११०

एकमितीय सेल्युलर ऑटोमॅटनचा एक नियम. ओळीतील प्रत्येक पेशी ० किंवा १ असते. तिची पुढची अवस्था ती स्वतः आणि तिचे दोन शेजारी ठरवतात. १११ ते ००० या आठ शक्यतांची उत्तरे क्रमाने मांडली की ०११०१११० ही द्विमान संख्या, म्हणजेच ११०, मिळते. स्टीफन वुल्फ्रम यांच्या वर्गीकरणात हा चौथ्या वर्गातला नियम. दर १४ पेशींनी पुनरावृत्त होणाऱ्या पार्श्वभूमीवरून छोटे आकृतिबंध सरकतात, एकमेकांवर आदळतात. या टकरींतूनच मॅथ्यू कुक यांनी चक्रीय टॅग प्रणाली (संगणनाचे एक साधे प्रारूप) उभारून नियमाची संगणकीय सार्वत्रिकता, म्हणजे कोणतेही संगणन करण्याची क्षमता, सिद्ध केली (प्रकाशन २००४). मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत आवर्ती प्रारंभिक मांडणी लागते. ही सवलत लहान नाही. तरीही या सार्वत्रिकतेमुळे अशा मांडणीतून एखादा आकृतिबंध पुढे कधी उमटेल का, हे दरवेळी सांगू शकणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही.