पाणी आणि तरुण निर्वासितांचे मन

हागारेच्या मसकेतील पाणी संपले तेव्हा तिने इश्माएलास झुडपाखाली ठेवले आणि ती दूर जाऊन बसली, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पाण्याबरोबर तिची आशाही संपली होती. आपल्या काळात हेच सत्य युगांडातील बिडी बिडी वसाहतीच्या इतिहासात आढळते.

दक्षिण सुदान 2011 साली स्वतंत्र झाला; डिसेंबर 2013 मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. जुलै 2016 मध्ये जुबा शहरात पुन्हा लढाई जुंपली आणि निर्वासितांचे लोंढे युगांडात शिरले. त्यांच्यासाठी ऑगस्ट 2016 मध्ये युंबे जिल्ह्यात ही वसाहत उघडण्यात आली. वर्षअखेरीस तेथील लोकसंख्या अडीच लाखांवर गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. त्या भागातील यजमानांपैकी पुष्कळांनी, 1979 मध्ये इदी अमीनची सत्ता कोसळल्यानंतर, सुदानातच आश्रय घेतला होता. आता त्यांच्या भूमीवर निर्वासितांस घरासाठी व शेतीसाठी जागा मिळाली. पाण्याची मात्र वाण होती.

आरंभी टँकरने पाणी आणावे लागले. पुढे विंधनविहिरी झाल्या, सौरपंपांवर चालणाऱ्या नळयोजनाही आल्या. तरी टंचाई पुरती हटली नाही. आणीबाणीत माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी मिळावे, असे मान्य प्रमाण आहे. परंतु लिटरांच्या हिशेबात तरुणांचे दुःख येत नाही. पाणी भरण्याचे काम बहुधा मुलींकडे येते. रांगेत उभे राहण्यात शाळेचे तास बुडतात, हंड्यावरून भांडणे होतात, दूरच्या वाटेवर अत्याचाराचे भय असते. वसाहतीतील तरुणांशी बोललेल्या अभ्यासकांनी अन्नपाण्याच्या टंचाईचा संबंध त्यांच्या चिंतेशी व खिन्नतेशी जोडला आहे.

यावरून आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. निर्वासित तरुणाची खिन्नता ही केवळ युद्धाच्या आठवणींमुळे आहे असे समजणे अपुरे आहे. तिला विश्वासाची उणीव म्हणणे तर अन्यायाचे आहे. तिचे एक कारण आज सकाळच्या रिकाम्या हंड्यातही असू शकते. म्हणून सांत्वनास जाणाऱ्या पाळकाने व धर्मशिक्षकाने प्रथम विचारावे, "पाणी कोठून आणता? किती वेळ लागतो?" आणि उत्तर ऐकून स्वस्थ बसू नये.

देवाने मुलाची वाणी ऐकली आणि हागारेस विहीरही दाखविली. या दोन गोष्टी आपणही वेगळ्या करू नयेत.