जोते आणि तळघराची भिंत (शहापूर–मुरबाड)

जोते आणि तळघराची भिंत : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत घराचा जमिनीलगतचा भाग किती उंच घ्यावा, याचा विचार. थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचून त्यांत काँक्रीट ओतण्याची पद्धत, म्हणजेच उष्णतारोधक काँक्रीट साचे, या भागात कुठे उपयोगी पडेल हेही येथे पाहिले आहे.

या दोन्ही तालुक्यांत पारंपरिक घर खाली उतरत नाही, वर चढते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा बेसाल्टचा. मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ असून त्याखाली मुरूम आणि मग काळा दगड लागतो. पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. भातखाचरालगतच्या जमिनीत आषाढ-श्रावणात हातभर खणले तरी पाणी लागते. त्यामुळे धान्य, गुरे आणि माणसे कोरडी ठेवायची तर जोते उचलणे हाच उपाय होता. काळ्या दगडाची चौकट, आत मुरमाचा भराव, त्यावर धुमसाने चोप आणि वर शेणाने सारवलेली जमीन, असे हे जोते. त्यावर कारवीचा कूड उभा राही. कारवीच्या काठ्या दाटीने बांधून त्यांवर दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप दिला जाई. जोते बुटके राहिले, तर पागोळ्यांचे उडणारे पाणी आधी कुडाचे बूड कुजवते. जोत्याची उंची गवंड्याच्या हौसेवर अवलंबून नसे. छपराचा सोगा किती पुढे आणि पाणी किती उडते, यावर ती ठरे.

राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान 450 मिमी उंच असावे, असे म्हटले आहे. या पट्ट्यात उताराच्या खालच्या अंगाला तेवढ्यावर भागत नाही. घरकुलात तर जोत्याचा खर्च जाणवतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौ. मी. आहे. कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घराला 2 लाख रुपये मिळतात. उतारावरच्या पाड्यात याच रकमेतला मोठा हिस्सा भरावात आणि दगडात जातो, वरच्या घराला हात लागण्याआधीच.

तळघर ही मुळात थंड देशांची गरज. कॅनडातल्या दक्षिण ओंटारिओत हिवाळ्यात जमीन सुमारे चार फुटांपर्यंत गोठते. पाया त्याखाली न्यावाच लागतो. एवढे खणले आहेच, तर आणखी थोडे खणून खोली का करू नये, असा तो हिशेब. थर्माकोलच्या साच्यांची पद्धत 1960 च्या दशकात कॅनडात आकाराला आली. साचा काँक्रीट भरल्यावर काढायचा नसतो, तोच भिंतीचे दुहेरी अस्तर होतो. न काढायच्या साच्याची कल्पना भारतातही आली आहे, मात्र थर्माकोलऐवजी पीव्हीसीची: 2021 मध्ये पायाभरणी झालेल्या लखनौच्या ‘लाइट हाउस’ गृहप्रकल्पात ती वापरली गेली.

शहापूर-मुरबाडात तळघर शोभते ते उतारावरच्या घराला, म्हणजे एक बाजू मातीत आणि समोरची उघडी असेल तिथे. अशा अर्ध्या तळघराच्या भिंतीची उंची ठरवताना ठोकळ्याचे माप आड येते. प्रचलित ठोकळा 16 इंच उंच आणि 48 इंच लांब असतो. सहा थर रचले की 8 फूट, म्हणजे 2.44 मी. होतात. संहितेप्रमाणे तळघराची आतली उंची किमान 2.4 मी. हवी, म्हणून हे पुरेसे वाटते. पण फुटिंगच्या माथ्यावर चार इंचांची जमीन ओतली की आत 2.34 मी.च उरतात. सात थर घेतले तर भिंत 9 फूट 4 इंच होते. मधला मार्ग म्हणजे सहा थरांवर अर्धा ठोकळा; मग जमीन धरूनही सुमारे 2.54 मी. मिळतात. ठोकळा करवतीने सहज कापता येतो, पण कापलेल्या कडेची खाच जाते, तिथे पुढचा थर नीट बसत नाही. म्हणून कापलेला थर अगदी वर किंवा अगदी खाली घ्यावा. तळाचा दगड उंचसखल असेल तर आधी फुटिंग समपातळीत आणावे. थर्माकोल तासून दगडाशी जुळवत बसणे हा उगाच त्रास.

उंचीचा लोभ महागात पडतो. मातीचा दाब खोलीबरोबर वाढतो आणि भिंतीला वाकवणारा जोर उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंत आठ फुटांवरून दहा फुटांवर नेली की तो जवळजवळ दुप्पट होतो. भोवती पाणी साठले तर दर मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टनाची भर पडते. म्हणून भिंतीमागे खडीचा थर आणि पाणी उतारावर सोडणारी छिद्रांची नळी हवीच. वरचा स्लॅब पक्का होण्याआधी मागचा भराव घालू नये. काँक्रीट बारीक खडीचे घेऊन फेरीफेरीने, एका वेळी चार फुटांहून कमी चढवावे. घाई केली की साचा फुगतो किंवा फाटतो, आणि सेंट्रिंगच्या फळीला मारतात तसा टेकू आयत्या वेळी मारता येत नाही.

उष्णतेच्या बाबतीत मात्र या साच्याची किंमत येथे वसूल होत नाही. वैशाखात पारा चाळीशी ओलांडतो, पण तो ताप छतातून उतरतो. दोन मीटर खालची जमीन वर्षभर जवळपास सरासरी तापमानाला असते, म्हणजे उन्हाळ्यात ती घराला थंडावाच देते; थर्माकोल तो अडवतो. पावसाळ्यात दमट हवा गार भिंतीवर ओल धरते, ती या अस्तराने कमी होते, एवढी जमेची बाजू. उष्णतारोधनावरच पैसे घालायचे असतील तर ते स्लॅबवर घालावेत.

दुसरी अडचण वाळवीची. ती थर्माकोल खात नाही, पण त्यात बोगदे करून डोळ्यांआड वर चढते आणि दाराच्या चौकटी गाठते. आयएस 6313 प्रमाणे पायाखाली व बाजूंना वाळवीरोधक फवारणी करून, शिवाय जमिनीच्या पातळीवर थर्माकोलची एक पट्टी काढून काँक्रीट उघडे ठेवावे, म्हणजे वाळवीचे मातीचे माग दिसतात. जलरोधक लेपही पाहून घ्यावा. द्रावकावर आधारलेले डांबर थर्माकोल विरघळवते, त्यामुळे पाण्यावर आधारलेला लेप किंवा चिकटपट्टा वापरावा लागतो.

खोदकाम दिवाळीनंतर, भात निघून खाचरे वाळली की सुरू करतात. ब्रेकर लावूनही कातळ रोज थोडाच निघतो, म्हणून स्लॅब आणि मागचा भराव मृगाआधी आटपेल असाच बेत धरावा. उघडा राहिलेला खड्डा जूनअखेरीस तळे होतो.