इंदूरच्या मातीतले निसर्गचित्रकार : ना. श्री. बेंद्रे

महाराष्ट्राची हद्द देडतलाईपासून हाकेच्या अंतरावर. तरीही पिढ्यान्‌पिढ्या अलीकडे राहिलेल्या आपल्या घरांत ‘आपण नेमके कुठले?’ हा प्रश्न अधूनमधून निघतोच. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांचे आयुष्य या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी देते.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरच्या मराठी कुटुंबात झाला. होळकरांच्या या राजधानीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रशाळा सुरू केली. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी, मकबूल फिदा हुसेन हे सारे याच गुरूंचे विद्यार्थी. राजवाड्यातील तसबिरींऐवजी घाट, गल्ल्या, झाडे आणि त्यांवर पडणारे ऊन हा या मुलांचा विषय झाला. १९३३ मध्ये बेंद्रे यांनी मुंबईची कलापदविका मिळवली.

पुढे ते काश्मीरमध्ये राहिले आणि तिथली निसर्गचित्रे रंगवली. १९४५ मध्ये शांतिनिकेतनात गेले, नंतर अमेरिका पाहून आले. १९५० पासून १९६६ पर्यंत त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवले. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांसारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली घडले. देवळालीकरांकडून घेतलेले देणे बेंद्रे यांनी असे पुढच्या पिढीला दिले.

उत्तरायुष्यात ते रंगांचे बारीक ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्र उभे करू लागले. जवळून पाहावे तर नुसते ठिपके; चार पावले मागे सरकले की त्यांतून झाड, माणूस, ऊन उमटते. पॅरिसच्या जॉर्ज सुरा याने १८८० च्या दशकात ही रीत रूढ केली होती. बेंद्रे यांनी तिच्यात आपल्याकडची माणसे आणि आपल्याकडचा उजेड भरला.

१९६९ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण आणि मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान असे मान त्यांना मिळाले. १९९२ मध्येच त्यांचे निधन झाले.

जिथे राहिले तिथली जमीन त्यांनी परकी मानली नाही. डोळे भरून पाहिली आणि रंगवली. भाषा घरची जपावी आणि माती पायाखालची आपली म्हणावी, यात विरोध नाही. आपल्याकडेही तापीचे खोरे आहे, सातपुड्याचे सागवान आहे, फाल्गुनातला पळस आहे. यंदा बाप्पांच्या मांडवात मुलांची चित्रकला स्पर्धा भरेल, तेव्हा त्यांना पुस्तकातला डोंगर उतरवायला न सांगता खिडकीबाहेरचा दाखवावा.