प्रत्यार्पण करार आणि दिलेल्या वचनाचे बंधन

मालवण तालुक्यातील कट्ट्यासारख्या गावांना आंतरराष्ट्रीय करार दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोकण किनाऱ्याशी त्यांचा निकटचा संबंध आला आहे. १९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. अनेक आरोपी परदेशी पळाले. तेथे भारतीय पोलिसांना अटकेचा अधिकार नाही. अशा आरोपीस परत मिळविण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे प्रत्यार्पण.

भारतात हा विषय १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याखाली येतो. फाशीची शिक्षा नसलेले देश, आरोपीला फाशी होणार असेल तर त्याला सोपविण्यास नकार देतात. ही अडचण ओळखून १९९३ च्या दुरुस्तीने कलम ३४-सी घालण्यात आले. त्यानुसार अशा देशाने सोपविलेल्या आरोपीला फाशीऐवजी जन्मठेपच देता येते.

अबू सालेमला सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बन येथे अटक झाली, तेव्हा भारत व पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करार नव्हता. फाशी अथवा २५ वर्षांहून अधिक कारावास दिला जाणार नाही, अशी हमी भारत सरकारने त्या वर्षी दिली आणि ११ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला भारतात आणण्यात आले. पुढे टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. मात्र २५ वर्षांच्या हमीला केंद्र सरकार बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. पोर्तुगालशी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या त्या जानेवारी २००७ मध्ये.

करारातील शब्दरचनाही निर्णायक ठरते. अमेरिकेशी पूर्वी लागू असलेल्या १९३१ च्या करारात गुन्ह्यांची यादी होती. १९९७ च्या करारात तिच्या जागी, दोन्ही देशांत एक वर्षाहून अधिक शिक्षेस पात्र असलेले कृत्य, ही कसोटी आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील आरोपी तहव्वूर राणा याला याच कराराखाली एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणण्यात आले. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालविता येत नाही, हा त्याचा बचाव अमेरिकी न्यायालयांनी फेटाळला होता.

बॉम्बस्फोटांत आप्त गमावलेल्यांना शिक्षेवरील मर्यादा बोचणारी आहे. परंतु दिलेली हमी मोडल्यास पुढचा आरोपी सोपविताना परदेशी न्यायालये तीच बाब पुढे करतील. ती मर्यादा मान्य केली नसती, तर सालेमवर मुंबईत खटला उभा राहणेच कठीण होते.